ट्रक चालवताना काय ऐकावं

आमच्या शाळेत पोट दुखलं की ओवा कुणाकडे मागायचा हे ठरलेलं आहे, तसं मोबाइलवर गेम खेळताना काय ऐकायचं हे विचारायला सगळे माझ्याकडे येतात. मी शाळेचा कारकून. वय चव्वेचाळीस. मुख्याध्यापक सोडले तर बाकीच्यांना ठाऊक आहे की घरी गेलो की मी मोबाइलवर ट्रक चालवतो. आधी हसायचे. मग एकेक जण हळूच टेबलाशी येऊन म्हणायला लागला, "सर, काही चांगलं सांगा ना ऐकायले."

'काही चांगलं' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. किराणा दुकानात जाऊन कुणी 'काही चांगलं द्या' म्हणतं का? खेळता काय, ते आधी सांगा. रंगीत गोळ्या जुळवायच्या असतील तर दोन जावा स्वयंपाक करता करता अख्ख्या नात्यागोत्याची उणीदुणी काढतात असा एक पॉडकास्ट आहे, तो लावा. गोळी चुकली तरी ऐकणं चुकत नाही. आमचे गणिताचे सर आंधळगावचे, घरची शेती आहे. ती भावावर टाकून हे रविवारी मोबाइलवर शेती करतात. त्यांना मी एका निवृत्त वनरक्षकाच्या गप्पा सांगितल्या, पक्ष्यांच्या. ते खूश आहेत. क्रिकेटच्या गेमला काहीही लावू नका, झेल सुटतात.

आणि ट्रकला भुताच्या गोष्टी. यात माझं मत पक्कं होतं. गेममधला हायवे लांब असतो, रिकामा असतो, दोन्ही बाजूंना तीच तीच झाडं येत राहतात, आणि कानात एक माणूस अगदी सावकाश सांगत असतो की मग त्या बाईनं मागे वळून पाहिलं. मजा यायची. अंगावर काटा येतो म्हणून तर ऐकायचं. ज्या पॉडकास्टची मी दहा जणांकडे तारीफ केली तो असा होता: श्रोते आपल्या घरातल्या गोष्टी लिहून पाठवायचे आणि तो मनुष्य त्या वाचायचा. त्याचा आवाज इतका हळू की कुणीतरी पाठीमागे बसून बोलतंय असं वाटायचं.

हल्ली कुणी विचारलं तर यादी सांगतो, पण हे शेवटचं नाव गाळतो.

आमचं गाव साकोलीपासून फार लांब नाही. जंगलाची कड गावाला लागूनच आहे. घराच्या मागे आमची बोडी, म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहानसं तळं. बोडीची पाळ घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पाळीच्या अलीकडे तणसीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, मोठा ढीग असतो, त्यामुळे मागच्या दारातून पाळ दिसत नाही.

आणि आमच्या घरात हाकेचा एक नियम आहे. बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली की मगच. जंगलातलं जे काही असतं, त्याला आपल्या माणसाचा आवाज काढता येतो, पण तिसरी हाक मारता येत नाही. असं जुने लोक मानतात. बाबा नुसतं मानत नाहीत, पाळतात. ते स्वतः कुणालाही हाक मारताना मोजून तीन मारतात, मधे तेवढंच अंतर सोडून. "बाबू... बाबू... ओ बाबू." समोर उभा असलो तरी तीन. माझी बायको नागपूरची, लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच हाकेला "आले आले" करत धावायची आणि बाबा तिच्यावर चिडायचे. "एवढी घाई काहून करते? आधी पाह्य ना कोण होय ते." ती मला म्हणायची, तुमच्या घरी आग लागली तर काय कराल? मी हसायचो. मग तिलाही सवय झाली.

बाबांचं कारण ठाम होतं. तरुणपणी ते पहाटे मोहफुलं वेचायला नागझिऱ्याच्या बाजूच्या जंगलात गेले होते. नाल्याच्या पलीकडून त्यांच्या आईनं हाक मारली. दोनदा. आई तर तापानं फणफणून घरी पडलेली, ते स्वतः तिच्या उशाशी पाणी ठेवून आले होते. ते टोपली घट्ट धरून उभे राहिले. तिसरी आली नाही. त्याच वर्षी गावातला दुसरा एक जण अशाच हाकेला ओ देऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तीन गावं पलीकडे सापडला, पाय फाटलेले, आणि कुठून कसा आला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. बाबा ही गोष्ट रंगवून सांगत नाहीत. बाजारात वांगी काय भावानं होती हे सांगावं तशी सांगतात, म्हणून ती खरी वाटते.

मी ती लिहून पॉडकास्टला पाठवली. मे महिन्यात शाळेला सुट्टी होती, बायको मुलीला घेऊन नागपूरला माहेरी गेलेली. घरात मी, आई आणि बाबा. एके दिवशी सकाळी मोबाइल उघडला तर नवीन भागात माझी गोष्ट. मी उड्या मारायच्याच बेतात होतो.

"बाबा, आज तुमची गोष्ट येऊन राहिली. साऱ्या महाराष्ट्रात."

"माही? कोणती?"

"मोहफुलाची. संध्याकाळी तुम्हाले ऐकवतो."

"संध्याकाळी मी दिघोरीले राहीन," ते म्हणाले. भाचीच्या सोयरिकीची बोलणी होती. "आल्यावर ऐकव. तेवढ्यात ते भूत काही पळून जात नाही."

एक वाजता जेवून ते निघाले. डोक्याला दुपट्टा, हातात पिशवी. मोबाइल फळीवरच. बसमध्ये हरवू नये म्हणून मोबाइल घरी ठेवून जाणारा माणूस आहे तो. आईनं दारातून सांगितलं की ऊन आहे, सावलीत उभे राहा. ते "हो वं" म्हणाले आणि गेले.

अडीचला मी आतल्या खोलीत कूलरसमोर पडलो, ट्रक सुरू केला, कानात पॉडकास्ट लावला. सिमेंट भरलेलं होतं, लांबचा पल्ला. तो मनुष्य आधी दुसरं काहीबाही बोलला आणि मग माझी गोष्ट वाचायला लागला. माझे शब्द त्याच्या आवाजात ऐकून मी ट्रकचा वेग कमी केला. त्यानं काही भर घातली होती, पाणी वाहण्याचा आवाज, पाचोळा. तीन वाजता लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. मेमधली दुपार लाइट गेल्यावर किती शांत होते ते आमच्याकडे येऊन ऐकावं. पाखरू नाही, माणूस नाही, कुत्रासुद्धा कुठेतरी नालीत निपचित पडलेला.

कानात गोष्ट नाल्यापर्यंत आली होती. आणि हाक आली. "बाबू!"

मला वाटलं, ही पण त्यानं घातलेली भर. पण मी गोष्टीत 'बाबू' हा शब्द कुठे लिहिलाच नव्हता. मी ट्रक थांबवला, गोष्ट थांबवली, इअरफोन काढले. हाक बाबांची होती, मागच्या बाजूची, बोडीकडून. मी मोबाइलच्या पडद्यावर वेळ पाहिली. तीन वाजून दहा मिनिटं. बाबा एव्हाना दिघोरीत पोचून चहा पीत असतील, असा मी हिशोब केला. हो, अगदी असाच केला.

मग दुसरी आली. या वेळी कानात काही नव्हतं. आवाज बाबांचाच, पण बाबांचा नाही. तोंडात तंबाखूच्या खर्ऱ्याचा तोबरा भरून कुणी बोलावं तसा, जड, घरंगळलेला. 'बाबू'मधला 'बू' नीट फुटलाच नाही.

मला भीती वाटली. इथे दुसरा कुठला शब्द वापरण्यात अर्थ नाही. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या मी, सरकारी शिक्के माझ्या ड्रॉवरमध्ये असतात, आणि माझे तळपाय गार पडले. मी उठून मागच्या दाराशी गेलो. मधल्या खोलीत आई चटईवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ती जागी झाली नव्हती, म्हणजे तिला काही ऐकू आलं नव्हतं. म्हणजे ती हाक मला एकट्यालाच होती. हे लक्षात आल्यावर तर मी कडीवर ठेवलेला हात काढून घेतला. दाराच्या फटीतून पांढरंफटक ऊन आणि तणसीचा ढीग दिसत होता. ढिगापलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं.

मी तिथं उभा राहून तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. श्वास रोखून, मनात मोजत. बाबा मधे जेवढं अंतर सोडतात तेवढं गेलं. त्याच्या दुप्पट गेलं. तिसरी आली नाही, आणि खरं सांगतो, ती आली नाही तसा माझा जीव भांड्यात पडला. मी परत खोलीत आलो. इअरफोन लावले, भुताची गोष्ट सोडून त्या दोन जावांचं भांडण लावलं, आणि सिमेंट जिथं पोचवायचं होतं तिथं पोचवलं.

पावणेपाचला शेजारची काकू गाईसाठी तणीस घ्यायला मागे गेली आणि किंचाळली. आम्ही धावलो. बाबा ढिगाच्या पलीकडे, सावलीच्या बाजूला, पाठ टेकून बसलेले होते. दुपट्टा गळ्यात. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मातीत पडलेला, पिशवी शेजारी नीट उभी ठेवलेली. डोळे उघडे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाहातच राहिले.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. साकोलीच्या डॉक्टरांनी हातसुद्धा न लावता भंडाऱ्याला न्या म्हणून सांगितलं. हायवेवर मी पुढच्या सीटवर बसलो होतो, मागे आईच्या मांडीवर बाबांचं डोकं. समोर एकामागोमाग ट्रक येत होते. मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. साडेसहाच्या सुमारास एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. आई माझ्या बाजूलाच उभी होती.

"मेंदूच्या नसेत गुठळी अडकली आहे. रक्तस्राव नाही, ते चांगलं आहे. त्यांना शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं?"

"एक वाजता. जेवून निघाले."

"आणि सापडले?"

"पावणेपाचले."

तिनं कागदावर लिहिलं. "मधे कुणी पाहिलं, बोललं?"

मी काही बोललो नाही. आईही बोलली नाही.

"मग एक वाजल्यापासून धरावं लागेल," ती म्हणाली. "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. नंतर दिलं तर डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती असते. इथे साडेपाच तास झालेत. बाकीचे उपचार करू, पण ते इंजेक्शन नाही देता येणार. बोलणं, हात, किती परत येईल ते सांगता येत नाही."

ती वळली. मी मनातल्या मनात मोजलं. तीन दहापासून साडेसहा. तीन तास वीस मिनिटं. एवढं सोपं गणित, पण सांगायचं म्हणजे आईसमोर सांगावं लागणार होतं. आईनं सबंध रस्ता एकच वाक्य म्हटलं होतं, "कोणी तरी ऐकलं असतं तं." मी तिचा एकुलता एक मुलगा. डॉक्टरीण दारापर्यंत गेली. तिनं दार ढकललंही.

"मॅडम," मी म्हणालो. "तीन वाजून दहा मिनिटं."

"काय?"

"तीन वाजून दहा मिनिटांनी झालं. त्यांनी हाक मारली होती मले."

ती परत आली. "तुम्ही बोललात त्यांच्याशी?"

"नाही."

"पाहिलंत?"

"नाही. फक्त ऐकलं. दोन हाका. पहिली साफ होती, नेहमीसारखी. दुसरी जड. जीभ लोळत होती."

"नक्की? एक साफ आणि दुसरी जड? वेळ नक्की?"

"मोबाइल हातात होता. वेळ पाहिली होती."

तिला विचारायचं होतं ते तिनं विचारलं नाही, पण मला उत्तर द्यावंच लागलं. "मी गेलो नाही," मी म्हणालो. "मले ऐकू आलं आणि मी गेलो नाही." आईकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टरीण आत पळाली, मोठ्या डॉक्टरांना फोन केला, मला सह्या करायला कागद दिले. सात वाजायच्या आत इंजेक्शन सुरू झालं.

मग आम्ही दोघं बाकावर बसलो. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो. आईनं मला मारावं, शिव्या द्याव्यात, काकूला फोन करून सांगावं, काहीही करावं असं वाटत होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग माझ्याकडे न पाहता बोलली.

"मले बी ऐकू आलं होतं."

मी वळलो.

"दोनदा. मी जागीच होती. दुसरी आली तं उठाले गेली, तेवढ्यात तू दाराकडं गेला. म्हटलं, पोरगा पाहून घेते. मंग तू आला वापस. मले वाटलं, कोणी नसंल. नाही तं तुले आवाज तं देला असता मी. पण मले बी भेव लागलं, बाबू. ते तं दिघोरीले गेले होते ना."

मी तिला झोपलेली समजून घाबरलो आणि ती मला परत आलेला पाहून निजली. दोघांच्या मधे एक चौकट होती, पाच पावलं. मी आईचा हात धरला. ती रडली नाही, मीच रडलो, दवाखान्याच्या बाकावर, लोक बघत असताना.

बाबांची बोलण्याची ताकद बारा दिवसांनी थोडी परत आली. हात अजून पूर्ण नाही. डॉक्टरीण म्हणाली, तुम्ही वेळ सांगितली म्हणून एवढं तरी. घरी आणल्यावर त्यांनी तुटक तुटक सांगितलं ते असं: बस आलीच नाही, डोकं गरगरायला लागलं, म्हणून सावली धरून पाळीच्या वाटेनं मागून घरी यायला निघाले. तणसीशी पाय गेले. मला हाक मारली.

"दोनच मारल्या तुम्ही," मी म्हणालो. मला हे कबूल करूनच टाकायचं होतं. "आम्ही दोघांनी ऐकल्या, बाबा. तिसरीची वाट पाहत बसलो."

त्यांना ओठ जुळवायला वेळ लागला.

"तिसरी... मारली होती गा. तोंड... उघडलं. आवाज... निघाला नाही." आणि मग, मला समजवावं तसं, डाव्या हातानं माझा गुडघा थोपटत म्हणाले, "बरोबर केलं तुम्ही. दोन हाकांवर... कोणी येते काय?"

त्यांनी रागावायला हवं होतं. मी तिथून उठून बोडीकडे गेलो आणि अंधार पडेपर्यंत पाळीवर बसून राहिलो. ते भुताच्या गोष्टींचं ॲप मी काढून टाकलं, आणि तो भाग त्यांना कधी ऐकवला नाही. त्यांनीही विचारलं नाही.

आता मी ट्रक चालवतो तेव्हा कानात काही घालत नाही. बाबा पलीकडच्या खोलीत असतात. त्यांना पाणी लागतं, कूस बदलायची असते. मी त्यांना हात जोडून सांगितलं की आता एकच हाक मारत जा, मी येतो. ते मानेनंच नाही म्हणाले. पहिल्या हाकेचं पहिलं अक्षर निघताच मी उठतो, त्यांच्या खाटेशी जाऊन उभा राहतो, म्हणतो, "बाबा, आलो मी, सांगा." ते माझ्याकडे बघतात, ओळखतात, आणि तरीही, त्या वाकड्या तोंडानं, मधे तेवढंच अंतर सोडून, उरलेल्या दोन हाका मारतात. त्या संपेपर्यंत मी उभा राहतो.